ऑफव्हाइटचे दोन हात

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

"सांगायला कशाला पायजे? मला डोळे नायत?"

"मी विचारतेय, कुणी सांगितलं होतं."

"अगो, पिवळा पडला होता तो. विडी ओढणाऱ्याच्या दातासारखा. असा माल कुणी गिऱ्हाइकापुढे ठेवतं काय?"

"त्याला पिवळाच हवा होता."

"पिवळा मागणारं गिऱ्हाईक मी तरी अजून बघितलं नाय."

"आज अकरा वाजता बघशील."

अनिता 'बघशील' म्हणाली, 'बघाल' नाही. एकोणीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला 'अहो-जाहो'च केलं होतं. भांडणातसुद्धा. धनेशने कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा कानामागे लावली. चुकून गेला असेल शब्द, असं त्याने मनाशी धरलं. चुकून गेला नव्हता.

रविवारचे नऊ वाजले होते. पेणमधल्या त्या कारखान्यात, म्हणजे पत्र्याच्या लांबट शेडमध्ये, मे महिन्याचा उकाडा आताच चढायला लागला होता. मॉरिशसला जाणाऱ्या दोनशे साठ गणपतींच्या रांगा लागल्या होत्या. अंगरंग झालेले, पीतांबर झालेले, डोळे तेवढे कोरे. गुरुवारी कंटेनर निघणार होता. आणि त्या सगळ्यांच्या मधल्या टेबलावर, वर्तमानपत्राच्या कागदावर, एक चपटा डबा बसला होता. दुधात केशराची काडी पडावी असा ऑफव्हाइट. कुठे ओघळ नाही, कुठे ठिपका नाही. धनेशचा हात पेणमध्ये नाव घेण्यासारखाच आहे.

तो डबा म्हणजे अनिताचा सुपर फॅमिकॉम. टीव्हीला जोडून खेळायचं जपानी यंत्र, तीस वर्षांपूर्वीचं. सोबत दोन रिमोट. त्यांवरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या बटणांना धनेशने पर्लचा रंग देऊन भोवती सोनेरी रेघ फिरवली होती. मुकुटातल्या खड्यांना फिरवतात तशी.

हे यंत्र या घरात कसं आलं, ते सांगायला पाहिजे. नाहीतर एका डब्यावरून बाई एवढी का पेटली, असंच कुणालाही वाटेल. धनेशला वाटलंच.

अनिताचे वडील केरू, रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. घरची भातशेती, वालाची शेती सोडून शिफ्टला लागलेल्या पहिल्या पिढीतले. पंचाण्णव साली कंपनीने नवीन मशीन घेतली आणि ती चालवायला शिकण्यासाठी चौघांना तीन महिने जपानला पाठवलं. बाकीच्या तिघांनी येताना कॅमेरे आणले, घड्याळं आणली, एकाने भात शिजवायचा कुकर आणला. केरूने जुन्या सामानाच्या दुकानातून हे यंत्र आणलं आणि सोबत एकतीस कॅसेटी, खोक्यांसकट. जपानी एक अक्षर वाचता येत नव्हतं. खोक्यावरचं चित्र बरं दिसलं की टोपलीत टाकायचा. त्यामुळे त्यात घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायचा एक गेम निघाला, म्हाताऱ्यांचा पत्त्यांसारखा एक, आगगाडी चालवायचे दोन आणि एक दीपगृहाचा. दीपगृहात एक बाई राहते. दिवा विझू द्यायचा नाही, एवढंच.

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या दोन खोल्यांत केरूने पेटी उघडली तेव्हा अनिता अकरा वर्षांची होती, भाऊ हरेश आठ. शेजारपाजार जमला होता. केरूने यंत्र उचललं आणि पोरीच्या मांडीवर ठेवलं. म्हणाला, हे अनिताचं. हरेशने विचारून घ्यायचं. शेजारचा कुणीतरी हसला, पोरीला कशाला, म्हणाला. केरू हरेशकडे बघून पुन्हा म्हणाला, विचारून.

हरेश आजतागायत विचारतो. तो आता डोलवीला कंत्राटी कामावर आहे, दोन पोरांचा बाप आहे, तरी गेल्या वर्षी वडील गेल्यावर घर आवरताना त्याने फोन केला होता: ताय, तुझं यंत्र माळ्यावर हाय, पुसून ठेवू का तू येशील? ती जाऊन पेणला घेऊन आली.

पंचाण्णव सालच्या त्यांच्या टीव्हीला जपानी यंत्राचे रंग पकडता येत नव्हते. चित्र यायचं, पण काळंपांढरं. दहा वर्षं अनिता तसंच खेळली. कोणतं बटण काय करतं हे तिने चुकून चुकून पाठ केलं. वरून तिसरी ओळ म्हणजे खेळ जपून ठेवणे, शेवटची म्हणजे पुसणे. आणि रंग तिने मनाने भरले. गाडी हिरवी, बाईचं लुगडं जांभळं, समुद्र करडा, कारण कुंडलिका नदीचं पाणी तिला करडंच माहीत. मग हरेशने कॉलेजात असताना एका ओळखीच्याकडून दुसरा टीव्ही आणला आणि गाडी नारिंगी निघाली. ती म्हणते, मला त्या दिवशी राग आला होता. माझा रंग चांगला होता.

दोन हजार सहाला तिचं लग्न होऊन ती पेणला आली. सासरे कमळाकर, त्यांच्या नावाने कारखाना. पहिली आठ वर्षं अनिताने पॉलिश पेपर मारला, भेगा बुजवल्या, डबे धुतले. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, फक्त कमळाकर करायचे. एका श्रावणात त्यांचा हात थरथरला. बुबुळ पापणीवर चढलं. माणसं दारात उभी होती. अनिताने त्यांच्या हातून ब्रश घेतला, ओलं होतं तोवर पुसलं आणि डोळा काढला. दुसराही काढला. मूर्ती बघणारा म्हणाला, कमळाकरभाऊ, तुमच्या डोळ्यांना तोड नाय.

तेव्हापासून या कारखान्यातले सगळे डोळे तिचे आहेत आणि सगळे 'कमळाकरांचे डोळे' म्हणून जातात. बाहेरून येणाऱ्या कारागिराला मूर्तीमागे दर आहे. अनिताला नाही. ती घरचीच. तिने एकदा विचारलं तेव्हा धनेश हसला होता, वाईट नाही, खरंच गंमत वाटून. म्हणाला, स्वतःच्या घरात कुणी मजुरी मागतं काय गो? तुला काय पायजे ते सांग. तिने सांगितलं: अष्टमीला पुलाजवळ एक गाळा भाड्याने हाय. जोहे गावातनं कच्च्या मूर्ती नेऊन तिथे रंगवीन. रोह्याची माणसं पेणला येतात, ती तिथेच येतील. पोरगी मनस्वी पनवेलला नर्सिंगच्या होस्टेलवर, मला दिवस मोकळा हाय. धनेश म्हणाला, कर की. सीझननंतर कर.

सीझननंतर माघी येते. माघीनंतर परदेशच्या ऑर्डरी. त्यांच्यानंतर सीझन. असे चार सीझन गेले.

या एप्रिलमध्ये तिने विचारणं सोडलं आणि मोबाइलवर जाहिरात टाकली. यंत्र टॉवेलवर ठेवून स्वतः फोटो काढले. लिहिलं: 'जपानहून आणलेला. १९९५. चालू आहे. एकाच मुलीने वापरला.' आठवडाभर जे आलं ते वाचून ती एकटीच हसायची. एकजण पाचशे फायनल म्हणाला. एकाने विचारलं यात सिरियल दिसतात का. कर्जतच्या एकाने बदल्यात बोकड देऊ केला, वर बोकडाचा फोटो.

मग पुण्याहून साईराज नावाच्या मुलाचा मेसेज आला. त्याने किंमत विचारलीच नाही. खालच्या स्टिकरवरचा नंबर दाखवा म्हणाला. स्क्रू कधी उघडलेत का. खोक्यांचे कोपरे जवळून. प्लास्टिक पिवळं पडलंय त्याचा फोटो उजेडात काढा. अनिताला वाटलं येडा हाय. चार दिवसांनी त्याचा फोन आला आणि तो म्हणाला, ताई, सगळं मिळून बावन्न हजार देतो, त्यातले निम्म्याच्या वर त्या दीपगृहाच्या गेमचे. तो फार थोडा छापला गेला होता. फक्त एक करा, पुसूसुद्धा नका. जसं आहे तसं मला पाहिजे.

जसं आहे तसं. हे शब्द तिने धनेशला हुबेहूब सांगितले नाहीत. पुण्याचा माणूस रविवारी अकरा वाजता येणार, एवढंच सांगितलं. गाळ्याची मालकीण गिरजाबाई हिला तिने रविवार संध्याकाळचा वायदा केला: डिपॉझिट चाळीस हजार, उरलेल्यात रंग फवारायला छोटा कॉम्प्रेसर. सोमवारी तोच गाळा मोबाइल दुरुस्तीवाला घ्यायला टपलेला होता.

आणि चूक तिची एक झाली. शुक्रवारी ती आईला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायला रोह्याला गेली, ती रविवारी सकाळी परतली. जाताना यंत्र आणि कॅसेटी कुठे ठेवाव्यात? कारखान्यात एक फळी आहे, दाराच्या उजवीकडे. त्या फळीवरची वस्तू कुणी हलवत नाही, कुणी तिच्यावर डबा टेकवत नाही. तिने तिथे ठेवलं आणि सवयीने चिठ्ठी लावली: साईराज, पुणे, रविवार.

पेणच्या कुठल्याही कारखान्यात अशी फळी असते. तिच्यावर बुकिंग झालेला माल राहतो, चिठ्ठीसकट. आणि न्यायला माणूस यायच्या आदल्या दिवशी त्या मालाला शेवटचा हात मारायचा असतो. कुणी कुणाला सांगत नाही. चिठ्ठी बघायची, वार बघायचा, रंगाची गन उचलायची. धनेशने शनिवारी दुपारी चिठ्ठी बघितली.

"फळीवर होता," तो आता म्हणत होता. "चिठ्ठी तुझ्या अक्षरात. मी काय समजायचं?"

"तो गणपती हाय काय?"

"नाय. पण गिऱ्हाईक तर गिऱ्हाईक ना. तुझं काम म्हणून मी जेवण सोडून केलं. पट्टी लावून भोकं झाकली, आत थेंब जाऊ दिला नाय. दोन हात ऑफव्हाइट, वर मॅट लॅकर. कुणी केलं असतं एवढं?"

खरं होतं. त्याने जीव लावून केलं होतं, आणि अनिताला त्याचाच जास्त संताप येत होता. दारू पिऊन फोडलं असतं तर बोलायला सोपं गेलं असतं.

खालचं स्टिकर त्याने पॉलिश पेपरने घासून काढलं होतं. बावीस खोक्यांना चमक यावी म्हणून वार्निश लावलं होतं. पुठ्ठा ते पिऊन फुगला होता, झाकणं चिकटली होती. त्यात दीपगृहही होतं. नऊ खोकी वाचली, कारण वार्निश संपलं.

अनिताने साईराजला फोन लावला. तो घाट उतरून पुढे आला होता. तिने सांगितलं, रंग लागलाय. तो म्हणाला, म्हणजे कुठे लागलाय? ती म्हणाली, या तुम्ही.

तो आला तेव्हा त्याच्या पाठीवर मोठी सॅक होती, आत फुगे असलेलं प्लास्टिक, आणि त्याने दारातच सुती हातमोजे चढवले. तीस-बत्तीसचा, चष्मेवाला. टेबलाकडे बघून तो उभाच राहिला. मग वाकून वास घेतला. थिनरचा वास त्या शेडमध्ये कुणाला येत नाही, त्याला आला. त्याने यंत्र उलटं केलं.

"इथलं स्टिकर?"

"घाण होती ती, काढली," धनेश म्हणाला. "आता बघा कसं दिसतंय."

साईराज एकेक खोकं उचलून खाली ठेवत गेला. दीपगृहाचं झाकण नखाने उघडायला गेला तर बाईच्या चित्राचा अर्धा चेहरा सुटून झाकणाबरोबर आला. त्याने ते हळूच मिटलं. मयताच्या घरात आवाज कमी करतात तसा त्याचा आवाज झाला. म्हणाला, ताई, हे मी नाही घेऊ शकत.

इतका वेळ खुर्चीत बसलेले कमळाकर उठले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, पण गिऱ्हाईक नाराज होऊन दारातून जातंय म्हटल्यावर त्यांना बसवेना.

"पोरा, रंग आवडला नाय काय? तसं सांग. बदलून देऊ. जरा पिवळसर पायजे तर तसा मारतो, अर्ध्या तासात वाळतो."

"आजोबा, मला रंगच नको होता."

"बिनरंगाचा कोण नेतो?"

साईराज अनिताकडे बघत राहिला. तिच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं आणि तिथेच कडू झालं. सासऱ्यांचा काही दोष नव्हता. या शेडमध्ये जन्म काढलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? पण मग माझ्या वस्तूने या शेडमध्ये यायचंच कशाला होतं, हे तिच्या डोक्यात आलं आणि पुढचंही आलं: मग माझं तरी इथे काय?

साईराज भला होता. त्याने वाचलेली नऊ खोकी वेगळी काढली, हिशोब केला आणि अकरा हजार तिच्या खात्यावर तिथेच टाकले. यंत्राच्या आतला भाग कामाला येईल म्हणून दोन हजार देतो म्हणाला. अनिता नाही म्हणाली. तो गेला.

मग तिने गिरजाबाईला फोन लावला. खरं ते सांगितलं: आज अकराच हायत, बाकीचे महिन्याभरात, गाळ्याच्या पाट्या, दारं, जे असेल ते रंगवून देईन. गिरजाबाई म्हणाली, फोनवर मी कुणाला हो-नाय करत नाय गो. पाचच्या आत पैसे घेऊन समोर ये, तोंड बघून ठरवते.

फोन ठेवेपर्यंत धनेशचा राग उतरला होता. त्याने तिच्यासाठी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. म्हणाला, चुकलं असंल माझं, पण मुद्दाम नाय ना केलं. तिने पाणी घेतलं. एवढ्यावर ते मिटलंही असतं. शेजारची बाई नंतर तेच म्हणाली, की तो तेवढ्यावर गप्प बसला असता तर.

"चाळीस काय, मी देतो की," तो म्हणाला. "कंटेनरचे पैसे येऊ देत."

"तू दिलेस तर गाळा कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? आपला."

"पाटी कुणाची लागेल?"

"बाबांच्या नावाची. ते नाव चालतं. लोक डोळे बघून येतात, अनिता."

तिने कमळाकरांकडे बघितलं. ते हाताचा पंखा करून वारा घेत होते. त्यांनी नजर मूर्तींकडे वळवली.

"बाबा, डोळे कुणाचे?" अनिताने विचारलं.

"घरचे," ते म्हणाले. मग म्हणाले, "आता हे कशाला काढतेस?"

धनेशला वाटलं विषय संपला. तो कामाच्या आवाजात बोलायला लागला. सोनेरी संपलंय, पर्ल पण तळाला आलंय, दुकानदार आता उधार देत नाय.

"ते अकरा आलेत ना तुझ्याकडे, ते आज रंगाला लावू. दुपारी मी घेऊन येतो. तू तोवर आखणीला बस. रोज पासष्ट झाले तरच गुरुवार गाठतो."

त्याने हात पुढे केला. फोनसाठी. अगदी साधेपणाने, डबा दे म्हणावं तसा.

अनिताने फोन पिशवीत टाकला. मग ती आपल्या जागेवर गेली, खिडकीखालच्या पाटावर. तिथे तिचे सहा ब्रश होते. खारीच्या केसांचे, एक तर तीनच केसांचा, बुबुळातल्या ठिपक्यासाठी. ते तिने एकेक करून थिनरमध्ये बुडवले, फडक्याला पुसले, टोकं बोटांत धरून सरळ केली. धनेश समाधानाने बघत होता. बसतेय कामाला, असंच त्याला दिसत होतं. तिने ब्रश फडक्यात गुंडाळले आणि तेही पिशवीत टाकले.

"कुठे चाललीस?"

ती चपला शोधत होती.

"अनिता, पाच वाजेपर्यंत परत येशील ना?"

एक चप्पल मूर्तींच्या फळ्यांखाली गेली होती. तिने वाकून ती काढली.

"अगो, दोनशे साठ कोरे उभे हायत. आखणी कोण करणार?"

कमळाकरांनी हाताचा पंखा थांबवला. अनिताने दुसरी चप्पल घातली, पदर खोचला आणि दाराबाहेर पडली. कोपऱ्यावर रोह्याची रिक्षा भरत होती, तिकडे.